आउटिंगची थीम आधी सांगावी की जागेवर? (यावेळची थीम : सावली)

कवडसा
मंडळी, आमच्या कॅमेरा क्लबच्या पुढच्या आउटिंगची जबाबदारी यावेळी माझ्याकडे आलीये आणि एका मुद्द्यावर कमिटीत सरळ दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

आउटिंगला सगळे उत्साहाने येतात, भल्या पहाटे उठून येतात, पण नंतर फोटो बघायला बसलं की तेच ते. जुना दरवाजा, त्याचं कुलूप, दारात बसलेले आजोबा, उडणारी कबुतरं. एकेक फोटो सुटा बघितला तर चांगला असतो हो, पण एकाच कुलपाचे दहा-बारा फोटो ओळीने आले की कोणी काय बघितलं तेच कळत नाही. म्हणून यावेळी चॅलेंज ठेवायचं ठरलं. थीम 'सावली'. सकाळचे दोन तास, एकच लेन्स (झूम असेल तर एका फोकल लेंग्थवर, म्हणजे झूमच्या एकाच आकड्यावर, चिकटपट्टी लावून टाकायची), आणि शेवटी प्रत्येकाने तीनच फ्रेम द्यायच्या.

वाद असा की थीम सांगायची कधी. काही जण म्हणतात आठवडाभर आधी सांगा, काही म्हणतात सगळे जमले की जागेवर सांगा. मी जागेवरवाला. आधी सांगितलं की लोक नेटवर शोधाशोध करून चार गाजलेले फोटो डोक्यात घेऊनच येतात आणि मग समोर काय आहे ते न बघता डोक्यातला फोटो शोधत हिंडतात. तुमचा अनुभव काय?

पाऊलखुणा
जागेवर. +१. चॅलेंज म्हटलं की चॅलेंजच पाहिजे.

स्थिरहात
साफ असहमत. बाकी कुठलीही थीम जागेवर सांगा, पण सावली नको. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते, २७ अंशांच्या आसपास दुप्पट, १० अंशांवर साडेपाच पटींच्याही पुढे. म्हणजे ती लांबलचक सावली फक्त सुरुवातीला मिळते आणि बघता बघता आखडत जाते. तुम्ही जमणार, गप्पा होणार, नियम वाचून दाखवणार, तोवर अर्धा माल संपलेला. थीम माहीत असेल तर माणूस आदल्या दिवशी नकाशा उघडून बघेल, रस्ता पूर्व-पश्चिम जातो की दक्षिण-उत्तर, कुठल्या भिंतीवर ऊन थेट पडेल आणि कुठल्या भिंतीला घासून जाईल. ह्याला मी तरी नक्कल म्हणणार नाही, हा अभ्यास आहे.

कवडसा
@स्थिरहात, घासून जाणाऱ्या उन्हाचा मुद्दा मान्य. पण तो अभ्यास सगळे करतात का? तुम्ही कराल. नवीन लोक फोटोच बघून येतील.

नवी_लेन्स
मी नवीनच आहे आणि माझ्याकडे फोनच आहे, चालेल ना असल्या आउटिंगला? आणि एक शंका. फोनवर सावलीचा फोटो काढला की सावली काळी येतच नाही. डोळ्याला मस्त गडद दिसते आणि फोटोत नुसती राखाडी, धुतल्यासारखी. फोनच बदलायला हवा का?

डार्करूमवाला
@नवी_लेन्स ताई, फोन अजिबात बदलू नका. तो बिघडलेला नाही, उलट जरा जास्तच मदत करतोय. हल्लीचे फोन एका क्लिकमध्ये वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या (कमी-जास्त उजेडाच्या) बऱ्याच फ्रेम घेतात आणि त्या जोडून सावलीतला तपशील वर उचलतात. घरगुती फोटोंना ते बरं असतं, पण तुमची थीमच सावली असेल तर तो तुमचा विषयच पुसून टाकतो. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर उजेडाच्या भागावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होईल, मग शेजारी जी सूर्याची खूण किंवा पट्टी येते ती खाली ओढा. भिंतीचा पोत दिसायला लागला आणि सावली भरीव झाली की थांबा. एचडीआर (हेच फ्रेम जोडणं) बंद करायची सोय असेल तर तेही करा.

कॅमेरावाल्यांना पण हेच लागू आहे. प्रकाश मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. फ्रेममध्ये सावली जास्त असली की तो 'अंधार आहे' असं समजून एक्स्पोजर वाढवतो आणि भिंत पांढरीफटक होऊन जाते. स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या छोट्या भागापुरतं मोजमाप) उजेडावर करा, किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक-दीड स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). जुना सनी सिक्स्टीनचा नियम आठवतोय का कोणाला? लख्ख ऊन, लेन्सचं छिद्र एफ/१६ वर, शटरचा वेग आयएसओच्या (प्रकाशाच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याएवढा, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० किंवा १/१२५ सेकंद. त्याच वेळी मोकळ्या सावलीत तीन ते चार स्टॉप कमी प्रकाश असतो, म्हणजे आठ ते सोळा पटींचा फरक. दोन्ही सांभाळायला गेलात की फोटो मिळमिळीत होतो. ह्या थीमला बाजू उजेडाची घ्यायची आणि सावली खुशाल काळी पडू द्यायची.

आणि आणखी एक, सावली निळसर येते म्हणून घाबरून व्हाइट बॅलन्सशी (रंगछटा दुरुस्त करायच्या सेटिंगशी) झटापट करू नका. सावलीत थेट ऊन नसतं, निळ्या आकाशाचा उजेड असतो, त्यामुळे ती निळी असतेच. रंगीत फोटोत पिवळ्या उन्हाशेजारी ती निळाई फार सुंदर दिसते.

नवी_लेन्स
बापरे एवढं सगळं! आत्ताच करून बघते.

भिंगरी
सगळं ठीक, पण त्या दिवशी ढग आले तर? थीम 'सावली' आणि सावली रजेवर :ड

दुर्बीण
@भिंगरी, हसू नका, आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. थीम सावली आणि सकाळपासून आभाळ भरलेलं. बरेच जण कॅमेरा बॅगेत टाकून गप्पा मारत बसले. आमच्यातली एक मुलगी मात्र खाली वाकून बाकड्याच्या पायांपाशी काहीतरी बघत होती. ढगाळ उजेडात सावली पडतच नाही असं आपण धरून चालतो, पण वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथे एक मऊ काळोख साचलेला असतोच, कारण तिथे आकाशाचा उजेड पोचत नाही. तिने बाकाचे पाय, उलटी ठेवलेली बादली, गाडीचं चाक जमिनीला लागतं ती रेघ, एवढंच शूट केलं. कडा कुठे कापलेली नाही, काळं हळूहळू करडं होत जातं. त्या दिवशीचे सगळ्यात चांगले फोटो तिचे होते, आणि कडक ऊन असतं तर ते कोणालाच सुचले नसते.

त्यामुळे @कवडसा, काहीही झालं तरी ऐनवेळी थीम बदलू नका. पाहिजे तर जवळपास एखादी आत शिरता येईल अशी जागा हेरून ठेवा. एकच खिडकी असलेली खोली मिळाली तर ढगाळ दिवशीही दिशा असलेली सावली मिळते.

भिंगरी
हे भारी आहे. बादलीचा फोटो बघायला आवडेल.

कडाकोपरा
मऊ कडांचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. कडक उन्हातही सावलीची कडा सगळीकडे सारखी धारदार नसते, बघितलंय का कधी? सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात त्याची तबकडी साधारण अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सावली टाकणारी वस्तू सावली पडते त्या भिंतीपासून किंवा जमिनीपासून जेवढी लांब तेवढी कडा पसरते. हिशेब सोपा आहे, अंतराचा साधारण शंभरावा भाग. भिंतीपासून १ मीटरवर असलेल्या दांडीच्या सावलीची कडा सुमारे १ सेंटीमीटर पसरते, ५ मीटरवरच्या तारेची सावली तर जवळजवळ विरूनच जाते. दिव्याच्या खांबाची सावली बुंध्याशी चाकूने कापल्यासारखी आणि टोकाला धूसर असते ती ह्याचमुळे. लेन्स शार्प नाही म्हणून कोणी तिला दोष देऊ नये.

आणि झाडाखाली जे गोल गोल कवडसे पडतात (धागाकर्त्याचं नावच ते आहे!) ते पानांच्या फटींच्या आकाराचे का नसतात? फटी तर वेड्यावाकड्या असतात. तर प्रत्येक फट पिनहोलचं (टाचणीच्या छिद्रातून प्रतिमा पाडणाऱ्या कॅमेऱ्याचं) काम करते आणि खाली पडते ती सूर्याची प्रतिमा. ऊन तिरकं असेल तर ते वर्तुळ लांबट होतं. खंडग्रास ग्रहणात त्याच झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पडतात.

स्थिरहात
ग्रहणातल्या कोरी मी काढल्यात. वर सूर्याकडे बघायची गरजच नाही, पांढरा कागद जमिनीवर पसरायचा आणि खाली बघायचं.

पाऊलखुणा
आता मला रोज झाडाखाली उभं राहून वर्तुळं मोजावीशी वाटणार.

लंबक
एक नियम राहिलाय. एडिटिंग किती चालणार? हे आधीच स्पष्ट करा, नाहीतर निकालाच्या दिवशी भांडणं ठरलेली. सावलीच्या फोटोंमधला बहुधा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे छायाचित्रकार फॅन हो यांचा १९५४ चा 'अ‍ॅप्रोचिंग शॅडो'. हाँगकाँगमधली उंच पांढरी भिंत, खाली कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी एक तरुणी, आणि वरून तिरकी उतरत येणारी काळी सावली. ती तरुणी त्यांची चुलतबहीण होती, मुद्दाम उभी केलेली. आणि ती तिरकी सावली तिथे नव्हतीच! ती त्यांनी डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरून प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत, घातली. आता असा फोटो तुमच्या चॅलेंजमध्ये आला तर बाद करणार?

कवडसा
अरे देवा. ती सावली तिथली नाही हे मला माहीत नव्हतं.

डार्करूमवाला
@लंबक, मी आयुष्यातला बराच काळ लाल दिव्याखाली काढलाय, त्यामुळे प्रिंटमध्ये हात घालायला माझी हरकत असूच शकत नाही. डॉजिंग-बर्निंग (प्रिंट काढताना एखादा भाग उजळ किंवा गडद करणं) हे कॅमेऱ्याइतकंच फोटोग्राफीचं अंग आहे आणि फॅन हो यांचा तो फोटो माझ्या लेखी कायम मोठाच राहणार. पण आउटिंगचा हेतू वेगळा आहे ना. दोन तास डोळे उघडे ठेवून हिंडायचं आणि जे आहे ते सापडतंय का बघायचं. घरी जाऊन सावली रंगवायची असेल तर आउटिंगला यायचं कशाला? नेचर विभागाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये जसा दंडक असतो, फ्रेममधलं काही काढायचं नाही, बाहेरचं काही घालायचं नाही, तसाच ठेवा. काळं-पांढरं करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, कातरा, मोकळीक द्या.

लंबक
पटलं. फक्त ते लिहून टाका, एवढंच म्हणणं होतं.

रेघोटी
कातरायलाही नको असं माझं मत. एक लेन्स ठेवताय ती पायांनी पुढे-मागे व्हावं म्हणूनच ना, मग घरी बसून कातरलं तर काय उपयोग.

डार्करूमवाला
@रेघोटी, हो, हे बरोबर बोललात. क्रॉप काढून टाका यादीतून. क्षितिज सरळ करण्यापुरती सूट ठेवा फार तर.

उंबरठा
उशिरा येतोय, सगळे प्रतिसाद वाचले. माझ्या मते आधी की जागेवर ह्यापेक्षा थीम किती घट्ट आहे ह्यानं जास्त फरक पडतो. 'सावली' ही फार सैल थीम आहे. दिवसा काढलेल्या जवळपास प्रत्येक फोटोत कुठेतरी सावली असतेच. म्हणजे तुमचे तेच दरवाजे आणि तीच कुलपं परत येतील, आणि विचारलं तर सांगतील, बघा की, कुलपाखाली सावली आहे.

आमच्या गटात आम्ही एक अट घालतो : सावली ज्याची आहे ती वस्तू फ्रेममध्ये दिसता कामा नये. ह्या एका अटीने माणसं वेगळ्या जागी बघायला लागतात. माझाच अनुभव सांगतो. एका जिन्यापाशी उभा होतो, वर लोखंडी कठडा, त्याची सावली पायऱ्यांवर. कठडा फ्रेममध्ये घ्यायचा नाही म्हटल्यावर खाली बसलो आणि मग दिसलं की सरळ गजाची सावली प्रत्येक पायरीच्या काठावर मोडते, उभ्या भागावर सरळ उतरते आणि आडव्या भागावर तिरकी पळते, परत मोडते, परत पळते. सगळा जिनाच घडी घातलेल्या कागदासारखा झाला होता. त्यात एका पायरीचा कोपरा तुटलेला, तिथे ती रेघ अचानक आत बुडी मारून पुन्हा बाहेर येत होती. कठडा दिसत असता तर मी कठड्याचाच फोटो काढून पुढे गेलो असतो. सावलीकडे नुसतं बघायचं असेल तर तिचा मालक बाजूला काढावाच लागतो.

दुर्बीण
क्या बात है. ती तुटलेली पायरी डोळ्यासमोर आली.

स्थिरहात
@उंबरठा, लिहिलंय सुंदर, पण ह्या अटीला माझा जोरदार विरोध. छायाचित्रकार आन्द्रे केर्तेस यांचा १९२८ चा काट्याचा फोटो आठवा. एक काटाचमचा बशीच्या काठावर टेकवून ठेवलाय, आणि त्याची सावली. बस, बाकी काही नाही. तुमच्या अटीने तो बाद! आणि त्या फोटोची सगळी ताकद वस्तू आणि सावली ह्यांच्या नात्यात आहे. काटा सरळ आहे, सावली बशीवर चढताना वाकते, दोन्ही एकत्र बघितलं तरच ते कळतं. तुमच्या पायरीवरची सावली मोडते हेही तुम्हाला कळलं कारण गज सरळ असतो हे तुम्हाला ठाऊक होतं.

रेघोटी
आता रंगला धागा.

उंबरठा
@स्थिरहात, काट्याच्या फोटोचं उदाहरण बिनतोड आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही, तो फोटो मलाही तितकाच प्रिय आहे. पण केर्तेसना कुलूप दिसलं की कुलपाचा फोटो काढायची सवय मोडायची नव्हती, आपल्याला मोडायचीये. अट शिकण्यासाठी आहे. मधला मार्ग सुचवतो. तीन फ्रेम द्यायच्या आहेत ना, त्यातली एक तरी मालकाशिवायची असली पाहिजे. बाकी दोन मोकळ्या.

स्थिरहात
हे चालेल. मनापासून चालेल.

पाऊलखुणा
माणसांच्या सावल्यांचं काय? अनोळखी माणसांचे फोटो काढायला मी नेहमी बिचकते. विचारून काढला तर पोझ देतात, न विचारता काढला तर मनाला खात राहतं.

दुर्बीण
@पाऊलखुणा, म्हणूनच ही थीम तुमच्यासारख्यांना फार चांगली आहे. सावलीत चालण्याची ढब दिसते, हातातली पिशवी दिसते, चेहरा येत नाही. तरीही कोणी नको म्हणून हात केला तर थांबायचं, आणि लहान मुलं असतील तर सोबतच्या मोठ्या माणसाला विचारायचंच. आणि उभं राहायची जागा निवडा, माणसांच्या मागे पळू नका. भिंत आणि ऊन दोन्ही चांगलं असलेली जागा धरून थांबलं की लोक आपोआप फ्रेममधून जातात. पावलं पूर्ण फाकलेली असताना क्लिक करा, पाय जुळलेली सावली खांबासारखी दिसते. शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा.

कडाकोपरा
फोटो फिरवून लावायची गंमत पण करून बघा. वरून काढलेल्या फोटोत माणसाच्या पायापासून लांब सावली पसरलेली असते, फोटो १८० अंशांत फिरवला की सावलीच उभी चालतेय असं वाटतं. हे एडिटिंगमध्ये धरणार का? :)

लंबक
फिरवणं माफ. काही घातलं नाही, काही काढलं नाही.

नवी_लेन्स
अहो डार्करूमवाले काका, जमलं!! खिडकीच्या जाळीची सावली जमिनीवर पडली होती, तुम्ही सांगितलं तसं उजेडावर बोट दाबून पट्टी खाली ओढली आणि काय सांगू, सावली एकदम काळीकुळकुळीत आणि फरशीवरचे बारीक ओरखडे पण दिसायला लागले. आणि कडाकोपरा म्हणतात ते पण दिसलं, जाळीच्या खालच्या भागाची सावली स्पष्ट आणि वरच्या भागाची पसरट! ही कडा धूसर का ते आता मला कळतं ह्याचा फारच आनंद झालाय.

डार्करूमवाला
शाब्बास. आता तोच फोटो तासाभराने परत काढा, जाळी किती सरकली बघा.

रेघोटी
निकाल कसा लावणार ते पण ठरवा. आमच्याकडे आधी फोटो दाखवणारा स्वतःच पाच मिनिटं बोलायचा, इथे मी असं केलं, तिथे तसं. त्यात फोटो बघायचा राहूनच जायचा. आता आम्ही उलटं करतो. फोटो नावाशिवाय, शीर्षकाशिवाय लावायचा, काढणाऱ्याने गप्प बसायचं, आणि आधी बाकीच्यांनी सांगायचं की नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि मग कुठे फिरली. काढणाऱ्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. आपल्याला जे दाखवायचं होतं ते लोकांना दिसलंच नाही हे तिथे बसल्या बसल्या कळतं. नंबर काढायच्या भानगडीत पडत नाही. काढले की लोक परीक्षकाला आवडेल असाच फोटो आणतात.

भिंगरी
नंबर नको, पण एक बक्षीस तरी ठेवा हो. बादलीला माझं मत.

दुर्बीण
बादलीवालीला निरोप पोचवते.

कवडसा
सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीला धागा वाचायला दिला आणि काल बसून ठरवून टाकलं.

थीमचा शब्द तेवढा आदल्या संध्याकाळी कळवायचा. स्थिरहात यांचा मुद्दा मला पुरता पटला, सूर्याच्या बाबतीत तयारीला पर्याय नाही, नकाशा बघायला एक संध्याकाळ पुरते. वस्तू फ्रेमबाहेर ठेवायची अट मात्र जागेवर सांगायची, म्हणजे डोक्यात भरून आणलेले फोटो तिथल्या तिथे निकामी होतील. ती तीनपैकी एका फ्रेमला. क्रॉप नाही, काही घालायचं-काढायचं नाही, फिरवणं माफ. फोन चालेल, फक्त झूम करायचं नाही. ढग आले तरी थीम तीच. आणि बघायला बसताना रेघोटींची पद्धत.

आमच्या क्लबातलं कोणी इथे वाचत असेल तर अट फुटली, हे कळतंय मला. त्यांच्यासाठी अट बदलून ठेवलीये.

पाऊलखुणा
मी जागेवरवाली होते, पण हे जास्त चांगलं झालं.

रेघोटी
लेन्स कुठली सुचवणार? एकच न्यायची तर बरेच जण गोंधळतील.

स्थिरहात
फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी, क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरवर) ३५. फार वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, नको. सकाळी सूर्य पाठीशी आला की वाइडमध्ये स्वतःची सावली हमखास फ्रेममध्ये घुसते.

उंबरठा
घुसली तर घुसू दे की. छायाचित्रकार ली फ्रीडलँडर यांचा १९६६ चा न्यूयॉर्कमधला फोटो बघा, पुढे चालणाऱ्या बाईच्या कोटावर मागून त्यांच्याच डोक्याची सावली पडलीये. छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांनी तर स्वतःच्या सावलीचे कितीतरी फोटो काढून ठेवलेत. टाळायची असेल तर टाळा, पण घ्यायची असेल तर ती नीट बसवा, अर्धा खांदा आत आणि डोकं बाहेर असं नको.

नवी_लेन्स
आणि नकोच असेल तर? फोनला तर वाइडच लेन्स असते.

दुर्बीण
सूर्याला पाठीशी न ठेवता डाव्या किंवा उजव्या खांद्यावर घ्या, तुमची सावली बाजूला पडेल. ऊन बाजूने आलं की भिंतीचा पोतही उठून दिसतो. तेवढ्याने नाही भागलं तर खाली बसा, सावली लगेच आखूड होते.